पडसाद वाचणारं यंत्र

विसावं शतक उजाडत असताना मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या आणि कुलाब्याच्या वेधशाळेपुढे मोठा पेच उभा राहिला. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप चाललेलं होतं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून उसळलेल्या महाभयंकर चुंबकीय वादळाची जी मोजकी प्रत्यक्ष मोजमापं जगात उरली आहेत, त्यांत कुलाब्याची नोंद आहे. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत फिरतो, आणि जिथून प्रवाह जातो तिथे त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. म्हणजे ट्राम धावू लागली की सूर्याच्या हालचाली टिपणाऱ्या नाजूक सुया ट्रामच्या हालचालींनीच थरथरणार होत्या.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेध मुंबईबाहेर हलवायचं ठरवलं आणि जागा निवडली अलिबागची. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला, मध्ये समुद्र, आणि ट्रामचा मागमूस नाही. तिथे चुंबकीय गुण नसलेला दगड निवडून, लोखंड कटाक्षाने टाळून इमारती उभ्या राहिल्या आणि १९०४ मध्ये काम सुरू झालं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

पण मूस यांनी केवळ बिऱ्हाड हलवलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. पृथ्वीचं तेच चुंबकत्व, तीच वादळं, पण दोन जागांवरची दोन मोजमापं. या जोडीने दोन्ही ठिकाणांतलं नातं कळलं आणि साठेक वर्षांची जुनी मालिका नव्या जागेच्या मालिकेला सांधता आली. दोन्हीकडे सारखीच असलेली एक गोष्ट हाताशी असेल, तर दोन ठिकाणांमधला फरक मोजता येतो आणि मोजलेला फरक वजा करता येतो.

आज अलिबागच्या त्याच किनाऱ्यावर कुणी फोन कानाला लावतं, तेव्हा त्या फोनलाही गडबडीने भरलेल्या लहरींतून खरा संदेश वेचायचा असतो. मूस यांना गडबडीपासून दूर जाता आलं. फोनला तशी सोय नाही, तो जिथे माणूस असेल तिथेच असतो. म्हणून तो मूस यांची दुसरी युक्ती वापरतो, आणि ती सेकंदाला शेकडो वेळा वापरतो. हे काम करणाऱ्या त्याच्या भागाला इक्वलायझर म्हणतात.

एक हाक, अनेक वाटा

किहीमच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पुढे समुद्र आणि मागे, माडांच्या वर, कनकेश्वराचा डोंगर दिसतो. कल्पना करा की जवळपासच्या एका टॉवरवरून निघालेली रेडिओलहर तुमच्या फोनकडे येते आहे. ती एकाच वाटेने येत नाही. एक वाट सरळ असते. दुसरी लहर डोंगराच्या कातळावर आपटून वळते. तिसरी एखाद्या इमारतीवरून, चौथी पाण्याच्या पृष्ठभागावरून येते. सगळ्यांमध्ये संदेश तोच, पण प्रत्येकीने तोडलेलं अंतर वेगळं.

रेडिओलहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. डोंगरावरून आलेल्या लहरीला सरळ लहरीपेक्षा तीन किलोमीटर जास्त फिरावं लागलं असेल, तर ती दहा मायक्रोसेकंद उशिरा पोचते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. माणसाच्या कानाला हा उशीर शून्यच. फोनला मात्र तो फार मोठा आहे. भारतात १९९५ मध्ये मोबाइल आला तो जीएसएम या पद्धतीचा. त्यात हवेतून जाणारा प्रत्येक बिट, म्हणजे प्रत्येक ‘हो’ किंवा ‘नाही’, ३.६९ मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात लहर सुमारे १.१ किलोमीटर जाते. तेव्हा डोंगरावरून फिरून आलेला बिट फोनपाशी पोचेपर्यंत सरळ वाटेने त्याच्या मागचे दोन-तीन बिट येऊन थडकलेले असतात. आत्ताचा बिट आणि मघाचा बिट एकमेकांवर पडतात.

गावच्या जत्रेत रस्त्याच्या कडेने ओळीने कर्णे लावलेले असतात. लांबच्या कर्ण्याचा आवाज उशिरा येतो, जवळच्याचा लगेच, आणि बोलणारा घाईत असेल तर शब्दावर शब्द चढून काहीच कळेनासं होतं. आवाज मोठा केला तर गोंधळ कमी होत नाही, कारण उशिरा येणारा आवाजही तितकाच मोठा होतो. फोनची अडचण नेमकी हीच आहे. टॉवरची ताकद दुप्पट केली, तर कनकेश्वरावरून येणारा पडसादही दुप्पट होतो. बाहेरचा गोंगाट असता तर जोराने बोलून त्यावर मात करता आली असती. इथे अडथळा आणणारा संदेशाचाच मागे राहिलेला भाग आहे. त्याच्यावर ताकदीने मात होत नाही, हिशेबाने होते.

समुद्राखालच्या तारेतलं जुनं दुखणं

हे दुखणं बिनतारी युगाच्या आधीचं आहे, आणि त्याचा एक पत्ता याच समुद्रातला. फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळातलं सर्वांत अजस्र जहाज मुंबईहून निघालं आणि एडनपर्यंत समुद्रतळावर तार अंथरत गेलं. तिथून तांबड्या समुद्रातून सुएझकडे आणि पुढे युरोपकडे. मुंबई आणि लंडन समुद्राखालून जोडले गेले.

लांब समुद्री तारेत मात्र विजेचा ठोका धारदार राहत नाही. तारेभोवतीचं वेष्टण आणि बाहेरचं खारं पाणी मिळून तार जणू वीज साठवू लागते. एका टोकाला दिलेला आखूड ठोका दुसऱ्या टोकाला हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो आणि त्याची शेपटी पुढच्या ठोक्याच्या अंगावर पडते. विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलं होतं की तारेची लांबी दुप्पट केली, तर ठोक्याचं हे पसरणं चौपट होतं. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालच्या पहिल्या तारेतून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे सोळा तास लागले. ठोके घाईने पाठवले की एकमेकांत मिसळत होते.

काही ठिकाणी ठोक्याची ताकद वाढवून पाहिली गेली. थॉमसन यांनी वेगळी वाट धरली. शेपटीचा आकार माहीत असेल, तर ती छाटता येते. ठोका दिल्यावर लगेच त्याच्या उलट दिशेचा एक छोटा ठोका द्यायचा. पहिल्याची शेपटी आणि दुसऱ्याची शेपटी एकमेकींना खाऊन टाकतात. १८७० च्या दशकात थॉमसन आणि फ्लीमिंग जेन्किन यांनी हे काम आपोआप करणारं यंत्रही घडवलं. वाट जे बिघडवणार आहे ते आधी ओळखायचं आणि त्याच्या नेमकं उलट करायचं, हा इक्वलायझरचा गाभा तिथे तयार झाला होता.

वजाबाकी

आता ही वजाबाकी प्रत्यक्ष करून पाहू. ‘हो’साठी अधिक एक आणि ‘नाही’साठी उणे एक पाठवायचं ठरलं आहे. वाट अशी आहे की प्रत्येक बिटाच्या मागोमाग त्याचा निम्म्या ताकदीचा पडसाद पुढच्या बिटावर पडतो. टॉवरने पाठवलं: अधिक १, उणे १, उणे १, अधिक १.

फोनला काय मिळालं? पहिला बिट सरळ आला: अधिक १. दुसरा उणे १, पण त्यावर पहिल्याचा अधिक अर्धा पडला, म्हणून उणे ०.५. तिसरा उणे १, त्यावर दुसऱ्याचा उणे अर्धा, म्हणून उणे १.५. चौथा अधिक १, त्यावर तिसऱ्याचा उणे अर्धा, म्हणून अधिक ०.५. एकाच ‘नाही’चं मोल एकदा उणे ०.५ आणि एकदा उणे १.५. थोडासा बाहेरचा खरखराट मिसळला की उणे ०.५ सहज शून्याच्या पलीकडे जाईल आणि ‘नाही’चा ‘हो’ होईल.

पण फोनला पडसाद निम्मा आहे हे माहीत असेल तर? पहिला बिट अधिक १ हे ठरलं. दुसऱ्यातून त्याचा निम्मा वजा करा: उणे ०.५ वजा ०.५ म्हणजे उणे १. आता दुसरा ठरला. तिसऱ्यातून त्याचा निम्मा काढा: उणे १.५ अधिक ०.५ म्हणजे पुन्हा उणे १. चौथ्यातून तिसऱ्याचा निम्मा काढा: अधिक ०.५ अधिक ०.५ म्हणजे अधिक १. मूळ संदेश जसाच्या तसा परत मिळाला. स्वतःच घेतलेला मागचा निर्णय वापरून पुढचा बिट स्वच्छ करण्याची ही रीत आजही वापरात आहे. तिला एक धोका आहे: एक निर्णय चुकला, तर पुढची वजाबाकीही चुकते आणि चूक काही पावलं वाहत जाते.

सगळा प्रश्न त्या ‘निम्म्या’त आहे. पडसाद किती ताकदीचा, किती उशिराचा, आणि तो एक आहे की चार आहेत, हे फोनला कोण सांगणार? किहीमला जे उत्तर आहे ते रेवदंड्याला नाही, रेवदंड्याचं मुरुडला नाही. आणि त्याच किहीममध्ये चार पावलं पुढे सरकलं तरी उत्तर बदलतं.

ओळखीची खूण

टेलिफोनच्या तारांवरून संगणकाची माहिती पाठवणाऱ्या अभियंत्यांपुढे १९६० च्या दशकात हाच प्रश्न होता. दर वेळी नंबर फिरवला की जोडणी वेगळ्या तारांतून होणार, आणि प्रत्येक तार संदेशाला वेगळ्या तऱ्हेने बिघडवणार. एका तारेसाठी हाताने जुळवलेला इक्वलायझर दुसरीला निरुपयोगी. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले रॉबर्ट लकी यांनी १९६५ मध्ये स्वतःच स्वतःला जुळवून घेणारा इक्वलायझर मांडला. संदेशाच्या आधी, घेणाऱ्याला आधीपासून माहीत असलेले ठोके पाठवायचे. काय यायला हवं होतं आणि काय आलं यातला फरक म्हणजेच तारेची करामत. तो फरक पाहून यंत्र आपले गुणांक, म्हणजे कुठला पडसाद किती वजा करायचा हे सांगणारे आकडे, हलवत जातं.

गुणांक हलवण्याची फार सोपी आणि फार ताकदवान रीत स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली होती. उत्तर किती चुकलं ते पाहा, आणि चूक कमी होईल त्या दिशेने प्रत्येक गुणांक थोडासा सरकवा. पुन्हा पाहा, पुन्हा सरकवा. हेच हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या जन्मात सहभागी होते. गणित देणारा माणूस आणि ते गणित परवडेल असं यंत्र घडवणारा माणूस एकच असावा, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातला सुंदर योग आहे.

जीएसएम फोनमध्ये ही ओळखीची खूण २६ बिटांची असते. फोन आणि टॉवर एकमेकांशी सलग बोलत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला ०.५७७ मिलिसेकंदाची एक फट येते आणि तिच्यात १४८ बिट जातात. त्यातले २६ बिट काहीच नवी माहिती देत नाहीत. ते कोणते असणार हे फोनला आधीपासून पाठ असतं. जवळजवळ सहावा हिस्सा जागा, आणि ती आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगण्यात खर्च होते. पण तोच हिस्सा सगळ्यांत मोलाचा आहे, कारण तोच वाटेची हकिगत सांगतो. ही खूण सुरुवातीला नाही, बरोबर मधोमध असते. वाट दर क्षणी बदलत असते, आणि मधोमध केलेलं मोजमाप पुढच्या आणि मागच्या दोन्ही बिटांना जवळचं पडतं.

वाट बदलते किती झपाट्याने? अलिबाग-मुरुड रस्त्यावर एसटी ताशी साठ किलोमीटरने चालली आहे असं धरा. फोनची पुढची पाळी ४.६ मिलिसेकंदांनी येते. तेवढ्यात एसटी सुमारे आठ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. जीएसएमच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, म्हणजे पाव लहरीइतकं अंतर एका पाळीत कापलं गेलं. मघाशी जे पडसाद एकमेकांना साथ देत होते ते आता एकमेकांना खोडून काढत असतील. म्हणून मागच्या पाळीचं उत्तर फेकून द्यायचं आणि नव्या २६ बिटांवरून नव्याने शिकायचं, सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा. काशीदच्या वळणावर गप्पा मारणारा प्रवासी दर वाक्यात आपल्या फोनकडून आजूबाजूच्या टेकड्यांचं शेकडो वेळा मोजमाप करून घेत असतो.

पडसाद ही साक्ष

इथे या तंत्रातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट येते. आत्तापर्यंत आपण पडसाद वजा करत होतो. पण पडसादात कोणता संदेश असतो? तोच. मग तो फेकून का द्यायचा?

अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये चुका दुरुस्त करण्याची एक पद्धत शोधली होती, आणि डेव्हिड फोर्नी यांनी १९७२ मध्ये दाखवलं की तीच पद्धत एकमेकांवर चढलेले बिट सोडवायलाही वापरता येते. अनेक जीएसएम फोनांमध्ये हीच पद्धत आली. तिचा विचार असा: पडसाद मागच्या चार बिटांपर्यंत पोचत असेल, तर त्या चार बिटांच्या शक्यता सोळाच. या सोळा शक्यतांपैकी प्रत्येकीवरून पुढे गेलं तर आत्ता नेमकं काय ऐकू यायला हवं, हे वाट माहीत असल्यामुळे काढता येतं. जे ऐकू आलं त्याच्याशी ताडून पाहायचं, प्रत्येक टप्प्यावर न जुळणाऱ्या कहाण्या सोडून द्यायच्या आणि शेवटी सर्वांत जास्त जुळणारी संपूर्ण कहाणी खरी मानायची.

या पद्धतीत पडसाद दुसरा साक्षीदार होतो. सरळ वाट एखाद्या भिंतीने अडवली असेल आणि तिचा आवाज क्षीण असेल, तर डोंगरावरून आलेली उशिराची लहर कामाला येते. जीएसएमच्या इक्वलायझरला सुमारे १६ मायक्रोसेकंदांपर्यंतचा उशीर सांभाळायचा असतो, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर जास्त फिरून आलेला पडसाद. कनकेश्वराएवढा डोंगर अडचण न राहता मदतीला उभा राहू शकतो, कारण त्याचं म्हणणं आता समजतं.

समुद्राचा आरसा

डोंगराचा पडसाद उशिरा येतो म्हणून बिट एकमेकांत मिसळतात. समुद्राचा पडसाद वेगळाच खेळ करतो. किनाऱ्यावर पाण्यापासून ३० मीटर उंचीवर टॉवर आणि दहा किलोमीटर आत मासेमारीच्या होडीवर तीन मीटर उंच धरलेला फोन असं समजा. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून परावर्तित होऊन आलेली लहर यांच्या वाटांत फरक असतो फक्त दोन सेंटिमीटरचा. हा उशीर इतका नगण्य आहे की बिटावर बिट चढण्याचा प्रश्नच नाही. पण पाण्याला अगदी तिरकी घासून परावर्तित होणारी लहर उलटी होते, तिचा माथा तिथे दरी होतो. दोन्ही लहरी जवळजवळ एकाच वेळी पोचतात आणि एकमेकींना खोडतात. मध्ये झाड नाही, घर नाही, टॉवर डोळ्यांना दिसतोय, तरी आत जाता जाता रेंज झपाट्याने पडते, त्याचं एक मोठं कारण हे. फोन जितका उंच, तितका दोन वाटांतला फरक वाढतो आणि खोडणं कमी होतं. नाखवा डेकवरून वरच्या बाजूला चढून फोन लावतो, तेव्हा तो अगदी अचूक भौतिकशास्त्र आचरत असतो.

आता भरती-ओहोटी घ्या. मांडवा ते गेटवे ऑफ इंडिया हे अंतर हवेतून सुमारे १४ किलोमीटर. एवढ्या पाण्यावरून दोन तबकड्या सूक्ष्मलहरींनी एकमेकींशी बोलत आहेत आणि दोन्ही पाण्यापासून ५० मीटर उंच आहेत अशी कल्पना करू. सरळ वाट आणि पाण्यावरून येणारी वाट यांत सुमारे ३६ सेंटिमीटरचा फरक पडतो. ओहोटीने पाणी दोन मीटर खाली गेलं की दोन्ही तबकड्या पाण्यापासून ५२ मीटर उंच झाल्या, आणि फरक झाला ३९ सेंटिमीटरच्या आसपास. वाढ जेमतेम तीन सेंटिमीटर. पण ७ गिगाहर्ट्झची लहर असते सव्वाचार सेंटिमीटरची. तीन सेंटिमीटर म्हणजे तिच्या अर्ध्याहून जास्त. भरतीला ज्या दोन लहरी हातात हात घालून येत होत्या त्या ओहोटीला एकमेकींच्या विरोधात उभ्या राहू शकतात. या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणजे एका भरतीत हा खेळ एकाहून अधिक वेळा घडेल. चंद्र समुद्र ओढतो आणि त्याचा हिशेब रेडिओच्या इक्वलायझरला द्यावा लागतो. अशा ठिकाणी अभियंते एकावर एक अशा दोन तबकड्याही लावतात. एका उंचीवर लहरी खोडल्या गेल्या, तर दुसऱ्या उंचीवर त्या त्याच वेळी शाबूत असण्याची शक्यता मोठी असते.

हजारो अरुंद गल्ल्या

माहितीचा वेग वाढला तसा बिटांचा कालावधी घटला, आणि पडसादांचं ओझं वाढत गेलं. एका बिटाच्या पडसादात मागचे चार बिट असतील तर सोळा शक्यता, दहा असतील तर हजारावर, वीस असतील तर दहा लाखांवर. ही वाट पुढे बंद होत होती.

म्हणून ४जी मध्ये मांडणीच बदलली. एका रुंद रस्त्यावरून सगळे बिट भरधाव पाठवण्याऐवजी तो रस्ता १५ किलोहर्ट्झ रुंदीच्या असंख्य अरुंद गल्ल्यांत विभागला. प्रत्येक गल्लीतून माहिती संथपणे जाते. एक चिन्ह तब्बल ६६.७ मायक्रोसेकंद टिकतं, आणि त्याच्या आधी सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांची राखीव जागा असते. त्या जागेत त्याच चिन्हाचं शेपूट उचलून पुढे लावलेलं असतं. १.४ किलोमीटरपर्यंत जास्त फिरून आलेला पडसाद या राखीव जागेतच विरून जातो. डोंगर फार दूर असतील अशा ठिकाणांसाठी १६.७ मायक्रोसेकंदांच्या लांब राखीव जागेचीही तरतूद आहे.

मग प्रत्येक गल्लीत उरतं काय? लहर थोडी क्षीण झालेली, थोडी सरकलेली, बस. ती सरळ करायला एक भागाकार पुरतो. जे काम आधी गुंतागुंतीच्या कहाण्या तपासून करावं लागे, ते आता हजारभर स्वतंत्र भागाकारांत होतं. इक्वलायझर नाहीसा झालेला नाही, तो या भागाकारात आहे. आणि भागायचं कशाने, हे कळण्यासाठी आजही गल्ल्यांमध्ये ठरावीक ठिकाणी, ठरावीक क्षणी, फोनला आधीच माहीत असलेल्या खुणा पेरलेल्या असतात. पद्धती बदलल्या, पण ओळखीच्या खुणेवाचून कुणाचंही भागलेलं नाही.

जिथे हिशेब थांबतो

इक्वलायझर सर्वशक्तिमान नाही. वाटेने एखादा सूर थोडा दाबला असेल, तर तो वर उचलता येतो. पण तो सूर पूर्ण खोडला गेला असेल, तर उचलायला काही उरतच नाही. तिथे हट्टाने गुणाकार वाढवत नेला तर वर येतो तो फक्त खरखराट. म्हणून शहाणा इक्वलायझर वाटेचा बिघाड शंभर टक्के उलटवत नाही. उरलेला पडसाद आणि वाढलेला खरखराट यांची बेरीज जिथे सर्वांत कमी होईल तिथे तो थांबतो. कुठवर दुरुस्त करायचं आणि कुठे थोडी खोट सोसायची, हे तोलणं हे त्याचं खरं कौशल्य.

दुसऱ्याच्या संदेशाचा उपद्रव झाला, तर साधा इक्वलायझर हतबल होतो. अरबी समुद्रावर गरम हवेचे थर असे काही रचले जातात की रेडिओलहरी वर निसटून न जाता पाण्याला लगटून दूरवर वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या एका रडारला उन्हाळ्यात चक्क अरबस्तानच्या किनाऱ्याचे पडसाद मिळाले होते, हजार मैलांहून दूरचे. आजही अशा दिवसांत समुद्रकाठी फार लांबच्या प्रक्षेपकांचा आवाज घुसू शकतो. त्या परक्या आवाजाची खूण पाठ नसेल, तर वजा करायचं कशाच्या आधारे? ट्रामचा आवाजही परकाच होता, म्हणून मूस यांना तो वजा करता आला नसता. जागा बदलणं हाच तिथे बरोबर निर्णय होता. आपला पडसाद आणि परका गोंगाट यांतला फरक ओळखणं, ही कुठल्याही दुरुस्तीची पहिली पायरी आहे.

वाटेची हकिगत

इक्वलायझरने शिकलेल्या गुणांकांकडे एकदा वेगळ्या नजरेने पाहावं. एक मोठा आकडा, तीन मायक्रोसेकंदांनी एक मध्यम, दहा मायक्रोसेकंदांनी एक लहान. संदेश सोडवून झाला की फोन हे आकडे टाकून देतो. पण ते आकडे काय आहेत? टॉवर इथे, इमारत तिथे, डोंगर तीन किलोमीटरच्या फेऱ्यावर. ते त्या जागेचं, त्या क्षणाचं चित्र आहे.

हे चित्र वाचणारी माणसंही निघाली. अलास्कातल्या काचेमाक उपसागराच्या काठी भूगर्भाच्या हालचाली मोजण्यासाठी एक जीपीएस यंत्र बसवलेलं होतं. त्याला उपग्रहाचा सरळ संदेश मिळे आणि पाण्यावरून परावर्तित झालेलाही. दोघांच्या भेटीने संदेशाची ताकद हेलकावे खाई. जमीन मोजणाऱ्यांसाठी ती कटकट होती. २०१३ मध्ये क्रिस्टीन लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच हेलकाव्यांतून समुद्राची पातळी मोजून दाखवली. पाण्याला स्पर्शही न करता, मुळात दुसऱ्याच कामासाठी बसवलेलं यंत्र भरतीमापक ठरलं. ज्या समुद्रकाठी काही सेंटिमीटरच्या फरकाने लहरींचा मेळ बिघडतो, तिथल्या लहरींच्या बिघाडात समुद्राची उंची लिहिलेलीच असते.

रायगडच्या किनाऱ्यावरून जाणारी प्रत्येक रेडिओलहर कातळाला, माडांना, किल्ल्याच्या तटाला आणि उधाणाच्या पाण्याला स्पर्शून येते आणि प्रत्येकाची काही ना काही खूण अंगावर घेऊन येते. तिचं बिघडणं म्हणजे तिचा प्रवास. तो प्रवास वाचायला एकच गोष्ट लागते: ती निघाली तेव्हा कशी होती हे आपल्याला नक्की माहीत असणं. ते माहीत असेल, तर आलेल्या प्रत्येक ओरखड्यावरून वाट कळते, आणि वाट कळली की संदेशही हाती येतो.